हिग्ज बोसॉन कधी कामाला येईल का?

प्रश्न थोडक्यात असा : ४ जुलै २०१२ ला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याचं जाहीर केलं, पुढच्याच वर्षी पीटर हिग्ज आणि फ्राँस्वा आंग्लेर यांना नोबेल मिळालं, पण एवढी वर्षं झाली तरी सामान्य माणसाच्या हाती काही आलेलं दिसत नाही. मग पुढे तरी काय येणार? वस्तूंचं वजन कमी करता येईल का, ऊर्जा मिळेल का, औषधोपचारात काही होईल का? आणि जाता जाता, बीएस्सी करणाऱ्या भाचीने या विषयात जावं का?

मी बरीच वर्षं कण-डिटेक्टर बांधणं, तपासणं आणि चालते ठेवणं हेच काम करत आलो आहे. त्यामुळे सिद्धांताच्या बाजूने कमी आणि यंत्राच्या बाजूने जास्त बोलेन.

आधी सरळ उत्तर. हिग्ज कण घेऊन त्याच्याकडून काही काम करून घेणं, या अर्थाने उपयोग होईल असं मला वाटत नाही. पन्नास वर्षांनीही नाही. हा कण शोधण्यासाठी जे उभं करावं लागलं त्याचा उपयोग होतो आहे आणि पुढे बराच जास्त होईल. आणि कणापेक्षा त्यामागचं जे गणित आहे, ते अगदी वेगळ्या ठिकाणी, पदार्थांच्या गुणधर्मांच्या अभ्यासात, कामाला लागलेलं आहे.

या प्रश्नावर नेहमी एक उत्तर दिलं जातं : १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला तेव्हाही त्याचा उपयोग कुणाला माहीत नव्हता, आज बघा! मला हे उत्तर पटत नाही. इलेक्ट्रॉन कायम टिकतो, फुकट मिळतो, तारेतून वाहतो आणि चुंबकाने वळतो. हिग्जला यातलं एकही लागू नाही. सगळ्या शोधांना इलेक्ट्रॉनचं नशीब लाभत नाही, आणि कुठल्याला लाभेल हे बऱ्याच अंशी आधी सांगता येतं.

कण कामाला येतो की नाही हे मुख्यतः तो किती वेळ जगतो आणि किती स्वस्तात तयार होतो यावर ठरतं. सुटा न्यूट्रॉन साधारण पंधरा मिनिटं जगतो. तेवढ्यात अणुभट्टी चालते. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं धनभारित प्रतिरूप, एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटेपर्यंत जगतो. तेवढ्यावर आज पेट स्कॅन उभं आहे. म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, फक्त २.२ मायक्रोसेकंद जगतो; सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोन. पण वैश्विक किरणांमुळे तो आकाशातून आपोआप, फुकट पडत असतो आणि जाड दगडातूनही आरपार जातो. म्हणून गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडमधली मोठी पोकळी २०१७ मध्ये म्यूऑन मोजून सापडली. आपल्याकडे उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ग्रेप्स-३ हा प्रयोग आहे. १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटी वादळात तिथे म्यूऑनची संख्या काही मिनिटांसाठी घटली, आणि त्या घटीवरून ढगातला विद्युतदाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचं निघालं. अख्ख्या ढगातला एवढा दाब एकदम मोजणं दुसऱ्या उपकरणांना अवघड आहे.

आता हिग्ज. एका सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी आणि त्यातल्याही एकाचे आणखी एक कोटी. त्या शेवटच्या तुकड्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं हिग्जचं आयुष्य आहे. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा अणूच्या रुंदीच्या दोन हजाराव्या भागाएवढंच अंतर कापतो. म्हणजे हिग्ज जिथे जन्मतो तिथेच संपतो. त्याचा झोत करता येत नाही, तो साठवता येत नाही, कुठे नेऊन सोडता येत नाही. आमच्या डिटेक्टरपर्यंतही तो कधी पोचत नाही. आम्ही बघतो ते त्याच्या विघटनातून निघालेले फोटॉन (प्रकाशाचे कण), इलेक्ट्रॉन, म्यूऑन वगैरे.

ऊर्जेचा हिशोब तर फारच बोलका आहे. २०१५ ते २०१८ या काळात लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे सर्नच्या प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात, एका मोठ्या डिटेक्टरच्या मधोमध सुमारे ८० लाख हिग्ज तयार झाले. त्यातल्या प्रत्येकाचं वस्तुमान १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं आमचं एकक). सगळ्यांचं मिळून ऊर्जेत रूपांतर केलं तर ०.१६ ज्यूल होतात. शंभर ग्रॅमचा पेरू सोळा सेंटिमीटर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. आणि यंत्रं पूर्ण जोरात चालू असतात तेव्हा सर्नला वर्षाला साधारण १३० कोटी युनिट वीज लागते. हिग्जपासून ऊर्जा हा विषय इथे मिटतो.

हिग्जपेक्षा कितीतरी जास्त टिकणारा कणसुद्धा दरवेळी कामाला येतो असं नाही, हेही सांगायला हवं, कारण आमच्या क्षेत्रातले लोक यशाच्याच गोष्टी सांगतात. पायॉन १९४७ मध्ये सापडला. ऋण पायॉन शरीरात ठरावीक खोलीवर थांबतो, तिथल्या अणुकेंद्रात शिरतो आणि ते केंद्र फुटतं, म्हणजे गाठीच्या आतच छोटा स्फोट. कागदावर कर्करोगासाठी याहून चांगला कण नव्हता. १९७० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत अमेरिकेत लॉस अलामॉसला, कॅनडात व्हँकुव्हरला आणि स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेनला रुग्णांवर हा उपचार झाला. तुलनात्मक चाचण्यांमध्ये नेहमीच्या किरणोपचारांपेक्षा फायदा दिसला नाही, खर्च मात्र प्रचंड होता, आणि तो बंद झाला. म्यूऑन वापरून थंड तापमानाला संमीलन, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं, घडवण्याची कल्पनाही अशीच. एक म्यूऑन शे-दीडशे संमीलनं घडवतो, पण म्यूऑन तयार करायला त्याहून जास्त ऊर्जा खर्च होते. भौतिकी बरोबर, हिशोब तोट्याचा.

वजन कमी करण्याबद्दल. 'हिग्जमुळे वस्तूंना वस्तुमान मिळतं' हे वाक्य वर्तमानपत्रांनी इतकं गिरवलं की हिग्ज बंद केला तर ट्रक पिसासारखा होईल असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तुमच्या-माझ्या वजनातला हिग्जचा वाटा जेमतेम एक टक्का. आपलं वजन प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं आहे, आणि त्यांचं बहुतेक वस्तुमान आतल्या क्वार्क आणि ग्लुऑनच्या ऊर्जेतून येतं. हिग्ज क्षेत्राचं (हिग्ज कण हे ज्याचं कंपन आहे ते क्षेत्र) महत्त्व दुसरीकडे आहे : इलेक्ट्रॉनचं वस्तुमान त्याच्यामुळे आहे. अणूचा आकार इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावर ठरतो, आणि तोही उलट्या प्रमाणात. इलेक्ट्रॉन निम्म्या वस्तुमानाचा झाला तर प्रत्येक अणू दुपटीने फुगेल, रासायनिक बंध निम्म्या ताकदीचे होतील. शून्य झाला तर अणू उरणारच नाहीत. म्हणजे हिग्ज क्षेत्र कमी करणारं यंत्र कुणी बनवलंच, तर त्यातली वस्तू हलकी व्हायच्या आधी तिचं रसायनशास्त्रच मोडून पडेल. शिवाय हे क्षेत्र सगळ्या अवकाशात सारखं भरलेलं आहे. एखाद्या खोलीएवढ्या जागेत ते हलवायला लागणारी ऊर्जा मिळवण्याचा कुठलाही मार्ग आज कागदावरसुद्धा नाही. वस्तुमान कमी करून प्रकाशवेगाने जाण्याच्या बातम्या दिसल्या तर वेळ घालवू नका.

आता जिथे माझं काम आहे तिकडे येतो.

हिग्ज फोटॉनच्या जोडीत फुटतो तेव्हा तो ओळखायला तुलनेने सोपा असतो, पण असं हजारात दोन-तीन वेळाच घडतं. त्या दोन फोटॉनची ऊर्जा टक्क्याच्या आसपास अचूक मोजली तरच आलेखात १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टवरचा उंचवटा बाकीच्या गर्दीतून वर दिसतो. त्यासाठी कोलायडरवरच्या सीएमएस या मोठ्या डिटेक्टरमध्ये लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक बसवले आहेत. असा एक स्फटिक हातात घेतला की पहिल्यांदा सगळेच चमकतात : दिसायला काचेसारखा नितळ, पण २३ सेंटिमीटरचा तुकडा एक किलोहून जास्त भरतो, कारण त्यात वजनाने बहुतेक धातूच आहे. त्याचं तापमान अंशाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त हललेलं चालत नाही, नाहीतर उजेड बदलतो आणि फोटॉनची ऊर्जा चुकीची निघते.

कोलायडरमधल्या टकरींची संख्या २०३० च्या आसपास वाढणार आहे. तेव्हा प्रोटॉनचे झुपके एकमेकांतून जाताना दर खेपेला १४० ते २०० टकरी एकदम होतील. कुठला कण कुठल्या टकरीतून आला हे फक्त जागेवरून कळणार नाही, वेळेवरून ओळखावं लागेल, आणि ही वेळ सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, म्हणजे पिकोसेकंदात मोजावी लागेल. म्हणून सीएमएसमध्ये एक नवा थर येतो आहे. त्यात एलवायएसओ नावाच्या स्फटिकाच्या दीड लाखाहून जास्त कांड्या आहेत, प्रत्येक सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर जाड. दोन्ही टोकांना सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे मंद उजेडाचा विद्युत सिग्नल करणारी चकती. सुरुवातीला यांची अचूकता सुमारे ३० पिकोसेकंद अपेक्षित आहे. या कांडीची एक गंमत सांगतो : तिच्यातलं ल्युटेशियम स्वतःच किंचित किरणोत्सारी असतं. त्यामुळे अंधाऱ्या डब्यात, कुठलाही स्रोत न ठेवता ती नुसती ठेवली तरी ऑसिलोस्कोपवर सिग्नल येत राहतात. नवीन मुलं घाबरून वायरिंग तपासायला लागतात. प्रत्यक्षात हेच सिग्नल कांडी ठीक आहे का ते तपासायला वापरतात.

हाच स्फटिक, हीच सिलिकॉनची जोडणी, आज पेट स्कॅनरमध्ये असते. रुग्णाला फ्लोरिन-१८ लावलेली साखर टोचतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधल्या सायक्लोट्रॉनवर हे फ्लोरिन बनतं. ते ११० मिनिटांत निम्मं होतं म्हणून जवळच बनवावं लागतं. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. दोन्ही स्फटिकांवर आदळले की त्यांना जोडणारी रेघ मिळते. पण रेघेवर नेमकं कुठे? ते दोघांच्या पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून काढायचं. २०० पिकोसेकंदांची अचूकता असेल तर जागा तीन सेंटिमीटरच्या आत कळते. आजचे चांगले स्कॅनर इथे आहेत. ३० पिकोसेकंद गाठले तर साडेचार मिलिमीटर. १० गाठले तर दीड मिलिमीटर, म्हणजे तासन्‌तासाचं गणित न करता चित्र जवळपास थेट मिळेल आणि रुग्णाला द्यायचा किरणोत्सारी डोस बराच कमी करता येईल. लहान मुलांच्या आणि पुन्हा पुन्हा स्कॅन लागणाऱ्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण जाहिरातीत ती गाळली जाते. आमच्या कांडीतून जाणारा कण तिच्यात साधारण ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सोडतो. पेटमधला फोटॉन आणतोच ५ लाख ११ हजार. उजेड एक-अष्टमांश, त्यामुळे वेळेची अचूकता तेवढी मिळत नाही. शिवाय पेटमध्ये फोटॉन अडवायला स्फटिक जाड लागतो आणि जाड स्फटिकात उजेड इकडेतिकडे भटकतो. म्हणजे आमचा डिटेक्टर उचलून इस्पितळात ठेवता येणार नाही. पण त्याच्यासाठी तयार झालेली इलेक्ट्रॉनिक्स चिप, सिलिकॉन आणि स्फटिक एवढ्या मोठ्या संख्येने सारख्या दर्जाचे बनवायची पद्धत, तपासणीचे ठोकताळे, हे सगळं जाईल. हिग्जच्या शोधातून पुढच्या पंधरा-वीस वर्षांत सामान्य माणसापर्यंत काय पोचेल यावर मला पैज लावायची झाली तर मी याच्यावर लावेन.

दुसरी पैज चुंबकांवर. कोलायडरचा २७ किलोमीटरचा भुयारी मार्ग १,२३२ मोठ्या चुंबकांनी प्रोटॉनला वळवतो. ते निओबियम-टायटॅनियमच्या तारेचे, उणे २७१ अंशांना थंड केलेले. ही तार मोठ्या प्रमाणावर बनवायला उद्योग शिकला तो मुख्यतः अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या आधीच्या यंत्रासाठी, आणि आजचं जवळपास प्रत्येक मोठं एमआरआय तिच्यावर चालतं. आता निओबियम-टिन वापरून जास्त ताकदीचे चुंबक येत आहेत. त्यांचा फायदा एमआरआयला, संमीलन भट्ट्यांना आणि कर्करोगाच्या कणोपचारांना होईल. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात प्रोटॉनोपचार सुरू झालेले आहेत. तिथे झोत रुग्णाभोवती फिरवणाऱ्या सांगाड्याचा आकार बघितला की चुंबक लहान आणि हलके होण्याची किंमत कळते. असं केंद्र जिल्ह्याच्या इस्पितळात परवडायचं असेल तर आधी चुंबकच आकसले पाहिजेत. इटलीतल्या पाव्हिया आणि ऑस्ट्रियातल्या वीनर नॉयश्टाटच्या कार्बन-उपचार केंद्रांची मूळ आखणी सर्नमध्येच झाली होती, म्हणजे हा रस्ता चालून झालेला आहे.

संगणकाच्या बाजूने एकच उदाहरण देतो. २०१४ मध्ये हिग्जच्या टाऊ कणांत (इलेक्ट्रॉनच्या आणखी जड भाऊबंदांत) होणाऱ्या विघटनाची माहिती खुल्या स्पर्धेसाठी ठेवली होती. एक्सजीबूस्ट ही संगणकाला माहितीवरून अंदाज बांधायला शिकवणारी पद्धत त्या स्पर्धेतून जगासमोर आली आणि आज कर्ज देणाऱ्या कंपन्यांपासून विम्यापर्यंत सगळीकडे वापरली जाते.

वर पदार्थांच्या गुणधर्मांचा अभ्यास म्हणालो ते सांगायचं राहिलं, आणि मला स्वतःला यात फार रस आहे. हिग्ज क्षेत्राची कल्पना मुळात अतिवाहकांतून, म्हणजे वीज अडथळ्याविना वाहू देणाऱ्या पदार्थांतून, आली. १९६३ मध्ये फिलिप अँडरसन यांनी दाखवलं की अतिवाहकाच्या आत फोटॉन वस्तुमान असल्यासारखा वागतो; १९६४ मध्ये हीच युक्ती मूलकणांना लावली गेली. मग उलटाही प्रश्न येतो : क्षेत्र दोन्हीकडे सारखं असेल तर अतिवाहकात हिग्जसारखं कंपन सापडायला हवं. ते सापडलं, आणि सर्नच्या तीस वर्षं आधी. निओबियम डायसेलेनाइडवर १९८० च्या सुमारास झालेल्या प्रयोगात एक अनपेक्षित शिखर दिसलं, आणि पीटर लिटलवुड आणि चंद्र वर्मा यांनी ते हिग्जसारखं कंपन असल्याचं ओळखलं. २०१३ मध्ये जपानी गटाने टेराहर्ट्झ प्रकाशाच्या जोरदार स्पंदाने ते थेट हलवून दाखवलं. आता हे कंपन अतिवाहक तपासायचं साधन होत चाललं आहे : पदार्थाला धक्का द्यायचा, कंपन बघायचं, आणि आत इलेक्ट्रॉनच्या जोड्या कशा बांधल्या आहेत ते ताडायचं. जास्त तापमानाला चालणारे अतिवाहक का चालतात हे कोडं सुटायला याची मदत झाली, तर विजेच्या तारांपासून वरच्या चुंबकांपर्यंत सगळ्यावर परिणाम होईल. हा सर्नमधला कण नव्हे, पण गणित तेच.

उरला भौतिकीतला उपयोग. आमच्यासाठी हिग्ज आता स्वतःच एक उपकरण आहे. कृष्णद्रव्याचे (विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचे) कण हिग्जशी बोलत असतील तर काही हिग्ज डिटेक्टरमध्ये काहीच खूण न ठेवता गायब झाले पाहिजेत. आतापर्यंतच्या मोजणीनुसार असे गायब होणारे शंभरात दहा-अकरापेक्षा जास्त नाहीत; नेहमीच्या सिद्धांताप्रमाणे ते हजारात एक असायला हवेत. या दोन आकड्यांमध्ये भरपूर जागा रिकामी आहे आणि पुढची मोजणी ती आवळत नेईल. दुसरं, हिग्ज स्वतःशी किती जोराने जोडला जातो हे अजून नीट मोजलेलं नाही. त्यासाठी एकाच टकरीत दोन हिग्ज हवेत आणि ते एकेरीच्या तुलनेत हजारात एकाहूनही कमी वेळा मिळतात. पण विश्वाच्या सुरुवातीला हिग्ज क्षेत्र आजच्या स्थितीत हळूहळू बसलं की एकदम उकळून बसलं, हे त्या आकड्यावरून कळेल. एकदम बसलं असेल तर द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का उरलं नाही याचं उत्तर तिथे असू शकतं, आणि त्या खळबळीच्या गुरुत्वलहरी २०३५ च्या सुमारास सोडायच्या लिसा या अवकाश-वेधशाळेला ऐकूही येऊ शकतील. यातून बाजारात काही येणार नाही. पण ज्यासाठी आम्ही पहाटे तीनच्या पाळीला कंट्रोल रूममध्ये बसतो ते हेच आहे.

भाचीबद्दल. तिला हा विषय मनापासून आवडत असेल तर जरूर यावं, पण सिद्धांताचीच वाट धरायला हवी असं समजू नये. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सीएमएसच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटरचा (प्रोटॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचा) बाहेरचा थर बांधला आहे आणि पुण्याची आयसर संस्थाही सीएमएसमध्ये आहे. दोन्हीकडे उन्हाळी प्रकल्पांसाठी विद्यार्थी घेतात. तिने एक उन्हाळा हार्डवेअरच्या गटात काढावा : सोल्डरिंग, ऑसिलोस्कोप, थोडं पायथन, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरची तापमानानुसार होणारी वाढघट मोजणं, असलं काम. पुढे ती कोलायडरवर गेली तरी ते लागेल, आणि पेट किंवा प्रोटॉनोपचाराकडे वळली तरी लागेल. वैद्यकीय भौतिकीत जायचं ठरवलं तर त्या शाखेची पात्रता-परीक्षा आणि अणुऊर्जा विभागाचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. ते बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातच बघून ठेवायला सांगा, कारण त्यात विषयांची अट असते.